अस्वलाचा दर

भंडारा जिल्ह्यात आज अस्वल मारायला किती खर्च येतो, याचं उत्तर सरकारनं छापून ठेवलं आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अस्वलाचं नाव आहे. त्याच्या शिकारीला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षांचा तुरुंगवास, शिवाय २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड. यात घासाघीस नाही. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यात मात्र याच प्रश्नाला रीतसर दरपत्रक मिळतं: सहा दिवस, राहणं-जेवण, परवानाधारक वाटाड्या, झाडावर बसायला मचाण आणि तिथलं काळं अस्वल दिसण्याची बऱ्यापैकी आशा.

ही दोन दरपत्रकं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत म्हणून साकोलीहून पिटेझरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात, मार्चअखेरच्या संध्याकाळी, मी एका ओसरीवर दोन माणसं बसवली आहेत. माणसं माझ्या कल्पनेतली. ती ज्या कायद्यांबद्दल, जंगलांबद्दल आणि पैशांबद्दल बोलतात ते खरं. एक आहेत पंचाहत्तरी ओलांडलेले मामाजी. पोरवयात बापाच्या मागं मागं शिकारीच्या हाक्यात गेलेले, पुढं वनखात्यात वनमजूर म्हणून राबलेले. दुसरा त्यांचा भाचा, बोस्टनजवळ नोकरीला. येत्या सप्टेंबरात ऑफिसातल्या दोघा मित्रांबरोबर मेनला अस्वलाच्या शिकारीला जायचं त्याच्या मनात आहे. आगाऊ रक्कम तेवढी भरायची राहिली आहे. मामी आत चुलीशी आहे. तिला या चर्चेला कोणी बोलावलेलं नाही.

भाचा : आधी पूर्ण ऐकून घ्या मामाजी, मग नाक मुरडा.

मामाजी : नाक कुठं मुरडून राहिलो? दर इचारून राहिलो. बैल घ्याचा म्हटला तरी मानूस दर इचारतेच.

भाचा : वाटाड्याचे साधारण तीन हजार डॉलर. त्यात लाकडी खोली, जेवण, रोज दुपारी जंगलात नेऊन सोडणं आणि अंधार पडल्यावर आणायला येणं आलं. राज्याचे परवाने दोनशेच्या आसपास. निघताना वाटाड्याला बक्षिसी द्यायची रीत आहे, ती तीनेकशे. अस्वल मिळालं तर मांस कापून, बांधून, गोठवून देणारा वेगळा. कातडं कमावून गालिचा करून घ्यायचा तर त्याचे दीड-दोन हजार. पेट्रोल, कपडे, बूट, काडतुसं. सगळं धरून सहा हजारांच्या घरात.

मामाजी : रुपयात सांग.

भाचा : पाच लाख. थोडे वरच.

मामाजी : अन् एवढ्यात अस्वल येतेच?

भाचा : हमी कोणी देत नाही. बरेच जण रिकाम्या हातानं परततात. पैसे मात्र परत मिळत नाहीत.

मामाजी : मंग वाटाड्या घेतो कशाचे? तू तर म्हनतोस मचानावर एकटाच बसशील.

भाचा : खरं काम त्याच्या आधीचं असतं. मेनमध्ये अस्वलाचा हंगाम ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी सुरू होतो आणि आमिष त्याच्या महिनाभर आधीपासून टाकता येतं. वाटाड्या जंगलात जागोजागी पिंपं ठेवतो. त्यात शिळे डोनट, केक, पाव, वर काकवी. दोन-तीन दिवसांनी जाऊन पुन्हा भरतो. कुठल्या पिंपावर अस्वल येतं, किती मोठं, कोणत्या वेळेला, हे कॅमेरे लावून पाहतो. मी सप्टेंबरात जाऊन बसणार तेव्हा त्याची महिन्याची मेहनत झालेली असते. तिथं हा परवान्याचा धंदा आहे मामाजी, शंभर वर्षांहून जुना. १८९७ मध्ये तिथला नोंदणीचा पहिला परवाना मिळाला तो एका बाईला, कॉर्नेलिया क्रॉस्बीला.

मामाजी : बाईला मिळाला हे चांगलंच झालं. पन मला सांग, महिनाभर त्याला रोज केक चारायचा. त्याला वाटते, इथं पोट भरते, इथं भेव नाई. अन् मंग एके दिवशी तू. हे काय म्हनायचं?

भाचा : तुम्ही वाघासाठी हेला बांधत होतात, त्याला काय म्हणायचं?

मामाजी : तेच म्हनायचं. आमी लय शहाने होतो असं मी कुठं म्हनून राहिलो?

इथं मामाजी थांबून सुपारी कातरतात. त्यांचा मुद्दा भाच्याला वाटला त्यापेक्षा खोल जातो आहे आणि त्यासाठी जरा मागं जायला हवं.

भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि मध्य भारताची शिकार त्या काळात जगभर विकली जात होती. अमेरिकेतले, युरोपातले पैसेवाले नागपूरला उतरायचे आणि तिथून त्यांना जीपनं जंगलात नेलं जायचं. असा धंदा करणारी नागपूरची नावाजलेली कंपनी म्हणजे ॲल्विन कूपर. ती काढली विद्याचरण शुक्ल यांनी, राजकारणात येण्याआधी. १९५७ मध्ये ते लोकसभेत गेले आणि पुढं आणीबाणीतले माहितीमंत्री म्हणून देशाच्या लक्षात राहिले. जंगल शिकारीच्या ब्लॉकांत वाटलेलं असे. परवाना घेणाऱ्याला ठरावीक मुदतीसाठी ब्लॉक मिळे, त्यात काय मारता येईल हेही ठरलेलं असे. मामाजींचे साहेब कोणत्या कंपनीचे होते ते मी ठरवलेलं नाही. तेव्हा अशा कंपन्या बऱ्याच होत्या.

मामाजी : साहेब यायचे ते वाघासाठी. अस्वल म्हनजे वरकड. वाघ नाई भेटला तर अस्वल घ्या, असा हिशोब. साहेब मचानावर, बाजूला कंपनीचा शिकारी रायफल घेऊन. साहेबाची गोळी चुकली त त्याची बसली पायजे. अन् आमी पन्नास-साठ मानसं तिकडून डबे, ढोल वाजवत हाकत यायचो. हरन पुढं पळते, डुक्कर पुढं पळते, वाघही पुढं सरकते. अस्वलाचं तसं नाई. ते हाका आयकून गोंधळते, घाबरते अन् उलटं फिरते. सरळ हाकेवाल्याच्या अंगावर. माझ्या बापाच्या मांडीवर चार नखांच्या चार रेघा होत्या, मरेपर्यंत. रोजी मिळायची, वर जनावराच्या मटनाचा वाटा. साहेबाच्या खर्चाच्या कागदावर त्या रेघा कुठं लिहिल्या होत्या?

भाचा : तेच तर मी म्हणतो. मेनमध्ये हाका नाही. धोका आहे तो माझा मला. कोणा गरिबाच्या मांडीवर रेघ उठत नाही.

मामाजी : मान्य. एवढं मान्य.

भाचा : आणि आमिषाचंही कारण आहे. तिथलं जंगल दाट, दहा पावलांवरचं दिसत नाही. पिंपाशी आलेलं अस्वल शांतपणे पाहता येतं. नर आहे की मादी, मागं पिल्लं आहेत का, हे पाहून मग ठरवता येतं. लोकांनाही विचारून झालंय. आमिष, कुत्री आणि सापळे बंद करावेत का यावर मेनमध्ये दोनदा मतदान झालं, २००४ मध्ये आणि २०१४ मध्ये. दोन्ही वेळा लोकांनी नाही म्हटलं.

मामाजी : अस्वलाला इचारलं होतं?

भाचा : मामाजी!

मामाजी : मस्करी करून राहिलो. पन एक सांग, गोळी तू मारशील, फोटू तुझा निघन, अन् सारं काम त्या वाटाड्यानं केलं. शिकार कोनाची म्हनायची?

भाचा : हा प्रश्न अमेरिकेत १९०२ सालीच निघाला होता. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत अस्वलाच्या शिकारीला गेले. त्यांचा वाटाड्या होता होल्ट कोलियर, गुलामगिरीत जन्मलेला काळा माणूस, अस्वलं मारण्यात त्याच्या तोडीचा त्या मुलखात कोणी नव्हता. अध्यक्षांना अस्वल सापडेना. तेव्हा कोलियरनं कुत्र्यांच्या मदतीनं एक अस्वल गाठलं आणि झाडाला बांधून ठेवलं, की या, मारा. रूझवेल्ट म्हणाले, बांधलेल्या जनावरावर मी गोळी झाडणार नाही. त्यावर वॉशिंग्टनच्या पेपरात व्यंगचित्र आलं, आणि ब्रुकलिनच्या एका दुकानदारानं त्यावरून कापडाचं अस्वल शिवून विकायला ठेवलं. तेच टेडी बेअर. तुमच्या नातीच्या उशाशी असतं ते.

मामाजी : अन् बांधलेल्या अस्वलाचं काय झालं? सोडलं?

भाचा : नाही. जखमी होतं. अध्यक्षांनी सुरीनं मारून टाकायला सांगितलं.

मामाजी : पाहा. साहेबाचं नाव झालं, दुकानदाराचा धंदा झाला. अस्वल मेलंच.

(या गोष्टीचा शेवट कोणी सांगत नाही. खेळण्याच्या दुकानात तो बसतही नाही. मला मात्र मार्गदर्शकासह होणाऱ्या प्रत्येक शिकारीचा हिशोब याच गोष्टीत मांडलेला दिसतो: कष्ट एकाचे, मोठेपणा दुसऱ्याचा, नफा तिसऱ्याचा.)

भाचा : ठीक आहे, भावनेचं सोडा. पैशाचं बोलू. अमेरिकेत १९३७ चा एक कायदा आहे. बंदूक आणि काडतुसं विकली की त्यावर केंद्राचा खास कर लागतो, लांब बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के. तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. परवान्यांचा पैसाही तिकडंच. जंगल विकत घेतलं जातं, अस्वलांची गणती होते, अधिकाऱ्यांचे पगार होतात. म्हणून उत्तर अमेरिकेत आज काळी अस्वलं आठ-नऊ लाख आहेत. शिकार चालू असून. आपलं अस्वल जगात वीस हजारांच्या आत असावं असा अंदाज. शिकार बंद असून.

मामाजी : म्हनजे मारनाराच पोसते.

भाचा : बरोबर.

मामाजी : मंग मारनारे कमी झाले त?

भाचा : होताहेत, हे खरं आहे. नवी पोरं शिकारीकडं वळत नाहीत. खात्यांना ती चिंता आहेच.

मामाजी : अन् आठ-नऊ लाख आहेत ते करानं की तिकडं जंगल उरलं म्हनून? इथं जंगल किती उरलं, तू येताना पाहिलंसच. हायवे, कॅनल, रेल्वे. अस्वल तर सोड, वाघाला एका तुकड्यातून दुसऱ्या तुकड्यात जायला जीव मुठीत घ्यावा लागते.

इथं मामाजींचं पारडं जड आहे, आणि भाच्याच्या आकड्यांत एक उणीव आहे जी त्याच्याही लक्षात यायला हवी होती. अमेरिकेतलं काळं अस्वल आणि आपलं अस्वल दिसायला दोन्ही काळी, पण स्वभावानं फार वेगळी. तिकडचं अस्वल माणूस दिसला की बहुतेक वेळा पळतं किंवा झाडावर चढतं. आपलं अस्वल वाळवीखाऊ आहे. वरचे पुढचे दोन दात नाहीत, त्या फटीतून आणि लांब ओठांनी ते वारुळातली वाळवी ओढून घेतं. वारुळात तोंड खुपसून जोरानं फुंकताना, ओढताना त्याला आसपासचं भान राहत नाही. आणि ते हजारो वर्षं वाघाच्या शेजारी वाढलं. वाघापुढं पळून जीव वाचत नाही, उभं राहून अंगावर गेलं तर वाचतो, अशी ही घडण असावी असं अभ्यासक मानतात. म्हणून अचानक माणूस समोर आला की ते हल्ला करतं, आणि तो चेहऱ्यावर, डोक्यावर. खायला नव्हे. समोरच्याला आडवं करून निघून जायला.

भाच्यानं यानंतर जे म्हटलं ते ऐकून आतून भांड्याचा आवाज थांबला.

भाचा : मामाजी, १९७० मध्ये नागझिरा अभयारण्य झालं. १९७२ मध्ये कायदा आला. त्यात काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने होते, तेही १९९१ च्या दुरुस्तीनं गेले. २०१३ मध्ये कोका अभयारण्य झालं, त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. छान झालं. पण अस्वल जिवंत ठेवायचा खर्च काही शून्य होत नाही. तो कोण देतं? मेनमध्ये मी देतो, स्वखुशीनं, आगाऊ. इथं?

मामी : पाच लाख म्हनलास का रे बापू मघाशी?

भाचा : हो मामी.

मामी : तेवढेच भेटले तिला. (हातानं शेजारचं घर दाखवते.) दोन सालाआधी, मोहाच्याच दिवसांत. झाडाखाली वाकून येचून राहिली होती, पाठीमागून आलं. डोक्याचं कातडं कपाळावर आलं होतं. नागपूरला मेडिकलमध्ये दीड महिना. आता पदर पुढं ओढूनच बसते. लग्नात जात नाई, बाजारात जात नाई. पोरगी सोयरिकीची हाय, पाहुने आले की आत बसते.

बराच वेळ कोणी बोललं नाही असं मी लिहिणार नाही, कारण मामी थांबलीच नाही.

मामी : तू पाच लाख देऊन अस्वलाच्या वाटेवर बसशील. ती बसली होती मोहाच्या पाटीसाठी. मोह पहाटे गळते. उशिरा गेलं की ढोरं खातेत, हरनं खातेत. अस्वलालाही ते ठाऊक हाय. त्याची अन् आमची येळ एकच. मे महिन्यात तेंदूपत्ता. सत्तर पानांचा एक पुडा, असे पुडे बांधायचे त मानूस झुडपात कंबरेपासून वाकलेलाच असते. अस्वलाच्या नजरेला आपन दुसरं अस्वलच दिसत असन.

महाराष्ट्रात वन्यप्राण्यांच्या हल्ल्यातल्या भरपाईचे दर २०२३ मध्ये वाढले. मृत्यूला २५ लाख, कायमच्या अपंगत्वाला साडेसात लाख, गंभीर जखमीला ५ लाख. रकमा लहान नाहीत, आणि काही वर्षांपूर्वीच्या तुलनेत पुष्कळच बऱ्या आहेत. मेनचा हिशोब आणि शेजारच्या घरातला हिशोब पाच लाखांवर येऊन भिडले हा डॉलरच्या भावाचा योगायोग. त्यातून सिद्ध काहीच होत नाही. पण एक फरक मला सोडवत नाही. भाचा त्याचे पाच लाख आधी भरतो, नको वाटलं तर घरी बसू शकतो, आणि बदल्यात गालिचा आणतो. शेजारच्या बाईनं तिच्या बाजूची रक्कम आधी चुकवली. मग पंचनामा, दवाखान्याचा दाखला, वनखात्याचा अहवाल आणि शेवटी पैसे. भाच्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच आहे: इथं अस्वलाचा खर्च बायका देतात, पहाटे पाच वाजता, डोक्याच्या कातड्यानं.

भाचा : मग मी म्हणतो ते वेगळं काय आहे? शिकार परवान्यानं सुरू करा. थोडी, मोजून. पाकिस्तानात मारखोर नावाचा रानबोकड आहे, मोठ्या पिळाच्या शिंगांचा. वर्षाला मोजके परवाने काढतात, लिलावानं, एकेक लाख डॉलरच्या वर जातो. त्यातले ८० टक्के डोंगरातल्या गावांना. गावंच राखण करतात आणि मारखोर वाढलेत. इथं एका अस्वलाच्या परवान्याला परदेशी माणूस पन्नास लाख देईल. सगळे या गावाला. शाळा, दवाखाना, शेजारच्या त्या बाईच्या मुलीचं लग्न.

मामाजी : तुझा बोकड उघड्या डोंगरावर उभा असते. दुर्बिनीतून म्हातारा नर कोनता ते दिसते. इथं? मोहाच्या अंधारात नर कोनता, मादी कोनती, तुझ्या साहेबाला कळेल? मलाच कळत नाई, जलम इथं गेला. अन् समज कळलं. साहेबाला मोठा नर पायजे. मानसावर येते कोन? बहुतेक येते ती पिल्लाची माय. हिवाळ्यात पिल्लं होतेत, मार्च-एप्रिलात ती तिच्या पाठीवर असतेत. पाठीवर पोर अन् पुढं बाई. ती येनारच. मोठा नर मारून आमची शेजारीन वाचत नाई.

भाचा : पण पैसा तर येईल.

मामाजी : पैसा येईल त्याच्या मागून काय येईल ते मी पाह्यलं. कातडं, नखं, चरबी, पित्त. वातावर चरबी चोळनारे अजून गावात हायेत. आमच्या लहानपनी दरवेशी अस्वल घेऊन यायचा. नाकात दोर, पोरांच्या ताईतासाठी एकेक केस उपटून द्यायचा. ते बंद पडायला २००९ उजाडलं. आता जंगलात जे फासे लागतेत, करंटची तार लागते, त्यात सापडलेलं कातडं म्हनजे गुन्हा, एवढं तरी साफ हाय. एकदा का परवाना निघाला, की तारेवर मेलेल्या अस्वलालाही कागद भेटन. हे मी खात्यात राहून सांगून राहिलो, पुस्तकातून नाई.

माझ्या मते हा मामाजींचा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे, दयेपेक्षाही. मारखोरचा प्रयोग जमला याचं कारण प्राणी मोजता येतो, ओळखता येतो आणि चोरटा बाजार त्यामानानं लहान आहे. अस्वलाच्या बाबतीत तिन्ही गोष्टी उलट्या. शिवाय सरकारी आदेशानं झालेली शिकार कशी असते, हे विदर्भानं २०१८ मध्ये पाहिलं आहे. पांढरकवड्याच्या अवनी वाघिणीचा माग काढायला खाजगी शिकारी आले, कॅमेरे आले, हत्ती आले, आमिष म्हणून परदेशी अत्तर शिंपडलं गेलं. आणलेल्या हत्तींपैकी एक सुटला आणि त्यानं एका बाईचा जीव घेतला. २ नोव्हेंबरच्या रात्री वाघीण मारली गेली तरी वाद कोर्टापर्यंत चालला. शिकारीच्या खर्चात धरायला हवी अशी एक बाई तिथंही होती.

भाचा : म्हणजे तुमचं म्हणणं, जे आहे ते ठीक आहे?

मामाजी : कुठं म्हनलं? मला तुझं एक पटलं. जो अस्वल पायजे म्हनते त्यानं आधी पैसे द्यावे. नागपूर-मुंबईहून जिप्सीत बसायला येतेत, त्यांना पायजे. तुला बोस्टनमध्ये बसून पायजे. मंग द्या. पन मारायचे नाई, राखायचे द्या.

भाचा : जिप्सीवाले देतातच की. गेटवर गावची पोरं गाइड आहेत. आणि ती जन-वन विकास योजना, २०१५ ची. गॅस मिळाला ना त्यातून?

मामी : भेटला. लाकडासाठी जानं कमी झालं, खोटं काहून बोलू? पन गॅसनं लाकूड थांबते बापू, मोह थोडीच थांबते. मोह इकून पोरांच्या वह्या येतेत.

भाचा : एक दाखवू? (फोन काढतो.) मध्य प्रदेशात काही ठिकाणी मोहाच्या झाडाखाली जाळी बांधतात, जमिनीपासून जरा वर. फूल मातीत पडत नाही, त्यामुळं माल स्वच्छ आणि भाव बरा. खालचा पाला जाळावा लागत नाही, म्हणजे वणवा नाही. आणि मुख्य म्हणजे पहाटे अंधारात जायची गरज नाही. ऊन वर आल्यावर चौघीजणी मिळून जायचं आणि जाळी झटकून आणायची. पाच लाखांत पुष्कळ झाडं होतील मामी.

मामाजी : अन् तुझं मेन?

भाचा : आगाऊ रक्कम अजून भरलेली नाही.

मामी : (फोन जवळ घेऊन पाहत) ऊन वर येईपर्यंत अस्वल काय हात जोडून बसते? रातभर मोह जाळीत साठेल. त्याला झाडाखाली एकेक फूल हुंगत फिरायची गरजच नाई. आयतं ताट.

मामाजी : म्हनजे तुझ्या मेनच्या पिंपावानीच झालं की रे.

भाचा : फरक एवढाच की मचाणावर कोणी बसलेलं नसेल.

मामी : मचानावर कोनी नसन, पन माझा मोह त गेला ना? त्यानं जेवढा खाल्ला तेवढ्याचे पैसे कोन भरून देईल, ते आधी लिहून दे. मंग बांध जाळी.